न बोलणाऱ्या माणसाचा लेखक : पटकथाकार विजय तेंडुलकर

काही वर्षांपूर्वी पदवीच्या शेवटच्या वर्षाला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ शिकवून झाल्यावर मी विद्यार्थ्यांना ‘आक्रोश’ हा चित्रपट दाखवला. दोन्ही संहितांत न्यायालय आहे, दोन्हींत आरोपी आहे, आणि दोन्हींचे लेखक विजय तेंडुलकर आहेत, एवढा साधा हेतू त्यामागे होता. चित्रपट संपल्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, श्रेयनामावलीत संवाद सत्यदेव दुबे यांचे आहेत असं दिसलं. नायक तर जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर बोलतच नाही. मग तेंडुलकरांनी यात लिहिलं काय?”

त्या दिवशी मी जे उत्तर दिले त्याने तिचे समाधान झाले नाही. खरे तर माझेही झाले नाही. नाटकातला संवाद हा तेंडुलकरांच्या प्रतिभेचा मुख्य विशेष, असे आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो. तुटक, अपुरी, बोलीच्या लयीतली वाक्ये, दोन वाक्यांमधली अर्थपूर्ण स्तब्धता, बोलण्यातून माणसाचा नकळत उघडा पडणारा हिंस्रपणा, या मुद्द्यांवर आपण परीक्षेत प्रश्न विचारतो. पण ज्या लेखनात तेंडुलकरांचा संवादच नाही त्याविषयी आपल्याजवळ बोलण्यासारखे काही नसते. म्हणून त्यांच्या परिचयात “त्यांनी चित्रपटांसाठीही लेखन केले” असे एक वाक्य येते आणि आपण पुढे सरकतो. या लेखात त्या एका वाक्यामागचा इतिहास थोडा उलगडून पाहायचा आहे. नाटकात तेंडुलकरांनी माणसांना बोलायला लावले. चित्रपटात मात्र कोणाला बोलता येते, कोणाला येत नाही आणि बोलता येणाऱ्याच्या बोलण्याचा शेवटी उपयोग काय होतो, हा त्यांच्या शोधाचा विषय झाला. ‘आक्रोश’मधला लहान्या भिकू त्या शोधाच्या शेवटच्या टोकाला उभा आहे, असे मला वाटते.

रंगभूमीकडून पडद्याकडे

तेंडुलकरांचा (जन्म ६ जानेवारी १९२८) पिंड पत्रकारितेत आणि प्रायोगिक रंगभूमीवर घडला. वृत्तपत्रात काम करणाऱ्या माणसाला दोन सवयी लागतात : कमी शब्दांत सांगणे आणि छापून आलेल्या बातमीच्या आड काय राहिले याचा संशय घेणे. पुढे पटकथेत या दोन्ही सवयी त्यांच्या उपयोगी पडल्या. ‘रंगायन’ने १९६७ साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आणले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे होत्या. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी याच नाटकाचा मराठी चित्रपट केला. त्याची पटकथा तेंडुलकरांची आणि छायाचित्रण गोविंद निहलानींचे होते. चित्रपट म्हणून त्याचा बोलबाला फारसा झाला नाही; पण पुढच्या बारा वर्षांतल्या तेंडुलकरांच्या चित्रपटलेखनाची माणसे इथेच एकत्र आलेली दिसतात. दुबे पुढे ‘निशांत’ आणि ‘आक्रोश’चे संवाद लिहितात. निहलानी ‘निशांत’ आणि ‘मंथन’चे छायाचित्रण करतात आणि मग ‘आक्रोश’ व ‘अर्धसत्य’ दिग्दर्शित करतात. तेंडुलकरांची चित्रपटातली कारकीर्द निर्मात्यांच्या कचेऱ्यांतून सुरू झालेली नाही, ती प्रायोगिक रंगभूमीच्या ओळखीपाळखीतून सुरू झाली. या कारकिर्दीचे बळही त्यात आहे आणि मर्यादाही.

१९७२ हे वर्ष तेंडुलकरांच्या आयुष्यात वादळी ठरले. ‘सखाराम बाइंडर’वरून परिनिरीक्षण मंडळाशी आणि नंतर न्यायालयात झगडा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेले ‘घाशीराम कोतवाल’ आले आणि त्यावरही काहूर उठले. यानंतर लगेच त्यांना नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली आणि १९७३ ते १९७५ या काळात त्यांनी समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास केला. ‘गिधाडे’, ‘सखाराम’ यांतली हिंसा घराच्या चार भिंतींतली होती. १९७५ नंतरच्या पटकथांत ती साखर कारखाना, जमीनदाराची गढी, दूध डेअरी, मंत्रालय, पोलीस ठाणे आणि न्यायालय अशा ठिकाणी दिसते. रंगमंचाच्या दिवाणखान्यात या जागा मावणाऱ्या नव्हत्या. हिंसेची मुळे संस्थांमध्ये शोधायची तर त्या संस्था दाखवाव्या लागतात, आणि ते कॅमेऱ्याला जमते. तेंडुलकर चित्रपटाकडे वळले याला व्यावहारिक कारणे असतीलच. पण त्यांच्या आशयाची गरजही हीच होती.

‘सामना’ : प्रश्न विचारणारा मास्तर

जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘सामना’. निर्माते रामदास फुटाणे. १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत तो दाखवला गेला. कथा, पटकथा आणि संवाद असे तिन्ही तेंडुलकरांचे. एका बाजूला साखरेच्या जोरावर तालुका मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे-पाटील (निळू फुले) आणि दुसऱ्या बाजूला कुठून तरी भरकटत आलेला, दारूत बुडालेला, एके काळी गांधींच्या चळवळीत असलेला मास्तर (श्रीराम लागू). हिंदुराव मास्तरला आश्रय देतो, खाऊपिऊ घालतो, आपले साम्राज्य कौतुकाने दाखवतो. आणि मास्तर विचारत सुटतो की, गावातून नाहीसा झालेल्या मारुती कांबळेचे झाले काय?

हा प्रश्न चित्रपटाबाहेर पडून महाराष्ट्राच्या बोलण्यात शिरला, हे आपल्याला ठाऊक आहे. पण रचनेच्या दृष्टीने त्याचे काम वेगळे आहे. ज्याच्याविषयी सगळे बोलतात तो मारुती कांबळे वर्तमानात कुठेच नाही. तो असतो तो इतरांच्या बोलण्यात, चुकवलेल्या नजरांत, अर्धवट सोडलेल्या वाक्यांत. दोन बोलघेवड्या माणसांच्या शाब्दिक द्वंद्वाच्या मध्यभागी एक गप्प केलेला माणूस आहे. ‘सामना’ हा अजून बराचसा नाटककाराचा चित्रपट आहे. लागू आणि फुले समोरासमोर बसले की कॅमेरा त्यांच्यापुढे अदबीने थांबतो. तरीही पुढच्या दशकाचे बीज इथे पडलेले दिसते : बाहेरून आलेला शिकलेला माणूस, त्याचा प्रश्न, आणि ज्याच्याविषयी प्रश्न आहे त्याची अनुपस्थिती.

तीन श्रेये आणि लेखकाचे स्थान

‘निशांत’ (१९७५) आणि ‘मंथन’ (१९७६) या श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांनी तेंडुलकरांना हिंदीत नेले. इथे हिंदी चित्रपटसृष्टीची एक रीत लक्षात घ्यायला हवी. तिथे कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी श्रेये असतात आणि अनेकदा तीन वेगळ्या व्यक्तींना मिळतात. ‘निशांत’चे संवाद दुबे यांचे, ‘मंथन’चे कैफी आझमी यांचे, ‘अर्धसत्य’चे वसंत देव यांचे. म्हणजे मराठीतला संवादाचा सर्वांत मोठा कारागीर हिंदीत आल्यावर संवाद सोडून बाकी सारे लिहीत होता.

हे बाकी सारे म्हणजे काय, हाच त्या विद्यार्थिनीचा प्रश्न होता. पटकथाकार दृश्यांचा क्रम ठरवतो. कोणती गोष्ट कोणत्या पात्राच्या नजरेतून दिसावी, प्रेक्षकाला केव्हा काय कळावे, पात्राला प्रेक्षकाच्या आधी कळावे की नंतर, कोणता प्रसंग दाखवावा आणि कोणाचा फक्त परिणाम दाखवावा, हेही तोच ठरवतो. साहित्याच्या परिभाषेत सांगायचे तर निवेदन, दृष्टिकोन आणि काळाची रचना हे सगळे त्याचे. कादंबरी शिकवताना आपण याच गोष्टींना लेखकाचे लेखन म्हणतो. पटकथेच्या बाबतीत मात्र तोच निकष लावायला आपण कचरतो, कारण तिथे दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि नट यांचे हात लागलेले असतात. हात लागतात हे खरेच आहे, आणि कोणती रेघ कोणाची हे दर वेळी सांगता येणार नाही. पण एकच रचना वेगवेगळ्या दिग्दर्शकांच्या चित्रपटांतून पुन्हा पुन्हा दिसू लागली, तर ती लेखकाची आहे असे मानायला काहीच हरकत नसावी.

ती रचना ‘निशांत’मध्ये अशी दिसते. काळ १९४५, प्रदेश तेलंगणाचा. गावात नव्याने आलेल्या शाळामास्तराची बायको जमीनदाराचे भाऊ उचलून नेतात. मास्तर पोलिसांकडे जातो, अधिकाऱ्यांकडे जातो, ज्यांच्याकडे म्हणून दाद मागता येईल त्या सर्वांकडे जातो. तो बोलतो, अर्ज करतो, विनवण्या करतो. त्याच्या बोलण्याने काहीही होत नाही. शेवटी गाव उठते ते या बोलण्यामुळे नव्हे, साचलेल्या संतापामुळे. आणि उठलेला जमाव थांबत नाही. जिच्यासाठी हे सारे सुरू झाले ती सुशीलाही त्यात वाचत नाही. या शेवटाने त्या काळच्या अनेक पुरोगामी प्रेक्षकांना अडचणीत टाकले असणार, कारण तो क्रांतीचे समाधान देत नाही.

‘मंथन’ची गोष्ट याहून निराळी. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभारलेला हा चित्रपट सहकारी दूध चळवळीचा विषय घेऊन आला होता. प्रचारपट होण्याचा धोका उघड होता. पटकथेने तो टाळला तो गावातल्या जातीला विषयाच्या मध्यभागी आणून. डॉ. राव हा भला, शहरी अधिकारी खासगी डेअरीवाल्याशी लढायला येतो आणि त्याला कळते की खरी लढाई सरपंच आणि हरिजनवस्ती यांच्यातली आहे. सोसायटीच्या निवडणुकीत दलित उमेदवार जिंकतो, त्याचे पडसाद उमटतात, आणि राव काम अर्धवट टाकून जातो. सोसायटी पुढे चालते ती गावातल्या भोलामुळे. तेंडुलकरांना या चित्रपटासाठी पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेतकऱ्यांच्या पैशातून निघालेल्या चित्रपटात, शेतकऱ्यांचे भले करायला आलेल्या सुशिक्षित माणसाला निरोप देऊन टाकणे, हे धाडस त्या पटकथेत आहे. अलीकडे, २०२४ मध्ये, जतन-पुनर्निर्मिती केलेली त्याची प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने बेनेगल आणि स्मिता पाटील यांची.

‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ : दुसऱ्याच्या कथेवर

पटकथाकाराचे मोठे काम रूपांतराचे असते. ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. ‘उंबरठा’ (१९८२) शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर. दोन्ही चित्रपट जब्बार पटेल यांचे. ‘सिंहासन’मध्ये मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगारनेता, तस्कर, बेकार तरुण अशा कितीतरी माणसांच्या कहाण्या समांतर चालतात. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे पत्रकार दिगू टिपणीस. मंत्रालयाच्या कॉरिडॉरमध्ये दिगूला सगळे कळते. कोण कोणाला फितूर आहे, कोणता संप कोणी मिटवला, कोणती बंडखोरी कुठे विरणार आहे, सारे काही. पण ते कळून त्याला करता येण्याजोगे काहीच नसते. शेवटी त्याच्या वाट्याला येते ते वेड्यासारखे हसणे. ज्या माणसाचा धंदाच शब्दांचा, त्याचे शब्द संपतात. तेंडुलकर स्वतः पत्रकार होते, हे इथे विसरता येत नाही.

‘उंबरठा’तली सुलभा महाजन सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते, आतला भ्रष्टाचार पाहते, भांडते, अहवाल लिहिते, राजीनामा देते, आणि घरी परतल्यावर तिला कळते की घरातली तिची जागाही उरलेली नाही. ती पुन्हा बाहेर पडते. तेंडुलकरांच्या चित्रपटांतल्या प्रश्न विचारणाऱ्यांच्या मालिकेत एवढी एकच स्त्री ठळकपणे आहे, आणि तिच्याजवळ मास्तर किंवा दिगू यांच्यापेक्षा अधिक काहीतरी उरते : निघून जाण्याचा निर्णय. बेणारेला तो घेता आला नव्हता. दोघींमध्ये पंधरा वर्षांचे अंतर आहे, आणि त्या पंधरा वर्षांत महाराष्ट्रात स्त्रीमुक्तीच्या चळवळीने जे घडवले तेही आहे.

याच सुमारास तेंडुलकरांनी इतरही लेखन केले. अरुणा-विकास यांच्या ‘गहराई’च्या (१९८०) लेखनात त्यांचा सहभाग होता, आणि अमोल पालेकर यांचा ‘आक्रीत’ (१९८१) हा मानवत हत्याकांडावर बेतलेला चित्रपट त्यांनी लिहिला. त्याआधी ‘घाशीराम’वरचा युक्त या सहकारी गटाचा चित्रपट (१९७६) येऊन गेला होता. ओम पुरी यांचा तो पहिला चित्रपट.

लहान्या भिकूचे मौन

आणि मग ‘आक्रोश’ (१९८०). लहान्या भिकू या आदिवासीवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. सरकारने त्याला वकील दिला आहे, तो भास्कर कुलकर्णी, तरुण, प्रामाणिक आणि ब्राह्मण. फिर्यादीच्या बाजूने दुसाने उभा आहे, कुलकर्णीचा वरिष्ठ आणि मार्गदर्शक, स्वतः आदिवासी समाजातून वर आलेला. कुलकर्णी तुरुंगात भिकूला भेटतो, विचारतो, समजावतो, चिडतो, हात जोडतो. भिकू एक शब्द बोलत नाही. प्रेक्षकाला सत्य कळते ते भिकूच्या आठवणींच्या तुकड्यांतून : नागीवर गावातल्या प्रतिष्ठितांनी बलात्कार केला, तिला मारले आणि तिच्या नवऱ्याला अडकवले. न्यायालयाला मात्र ते कळत नाही. वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी भिकूला बेड्यांसह आणले जाते, बहिणीवर रोखलेल्या नजरा त्याला दिसतात, तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीला मारतो. तिचे नागीसारखे होऊ नये म्हणून. त्यानंतर त्याचा आवाज फुटतो, पण तो शब्द नसतो, आक्रोश असतो.

आता ‘शांतता!’चे न्यायालय याच्या शेजारी ठेवून पाहावे. तिथे न्यायालय खोटे आहे, खेळातले आहे. पण आरोपीला शेवटी प्रदीर्घ स्वगत मिळते. बेणारे बोलते तेव्हा सारे थिजलेले असतात. ऐकतो तो फक्त प्रेक्षक. ‘आक्रोश’मध्ये न्यायालय खरे आहे, वकील खरा आहे, कायदा आरोपीला बोलण्याची संधी देतो, आणि आरोपी ती संधी नाकारतो. तेरा वर्षांच्या अंतराने तेंडुलकरांनी आपलाच प्रसंग उलटा करून लिहिला आहे. बेणारेचे स्वगत आणि भिकूच्या आठवणी यांचे काम एकच, प्रेक्षकाला ते सांगणे जे न्यायालयाला कळणार नाही. नाटकात ते काम भाषेने केले होते. चित्रपटात ते भाषा काढून घेऊन केले. हे मौन दुबे यांच्या संवादांत नसते, कारण ते संवादांच्या आधीच लिहिलेले असते. त्या विद्यार्थिनीला मी हे उत्तर द्यायला हवे होते : तेंडुलकरांनी भिकूचे न बोलणे लिहिले.

आणखी एक तपशील. या चित्रपटात आदिवासींमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्याची भूमिका महेश एलकुंचवार यांनी केली आहे. तोही बोलणारा माणूस, आणि त्यालाही कथेतून नाहीसे केले जाते. मराठीतल्या दुसऱ्या मोठ्या नाटककाराने ही भूमिका करावी, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

एक आक्षेप

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला होता. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या काळात मराठीत शतकानुशतके गप्प ठेवलेली माणसे आपल्या भाषेत बोलू लागली होती, नेमक्या त्याच काळात एक सवर्ण लेखक आदिवासी नायकाला मुका करतो आणि सत्याचा शोध कुलकर्णी नावाच्या वकिलाकडे सोपवतो. ही सहानुभूती आहे की शोषिताचा आवाज पुन्हा एकदा आपल्याकडे ठेवून घेणे आहे? शिवाय या पटकथांत अत्याचाराची कथा स्त्रीच्या देहावर घडते, आणि शेवटी मरतात त्याही बऱ्याचदा स्त्रियाच : सुशीला, नागी, भिकूची बहीण. तिला कोणी काय विचारले होते? हा प्रश्न माझ्या वर्गातल्या मुलींनी विचारला आणि तो मला खोडून काढता आला नाही.

पहिल्या आक्षेपाला मात्र चित्रपटातूनच काही उत्तर मिळते. भिकूला बोलता येत नाही असे ‘आक्रोश’ कुठेही म्हणत नाही. आठवणींतला भिकू हसतो, नागीशी बोलतो. तो गप्प आहे तो त्या न्यायालयापुरता, कारण तिथे त्याचे शब्द ज्यांच्या नोंदवहीत लिहिले जाणार त्यांच्या पंक्तीला गुन्हेगार पत्ते खेळायला बसतात. मौन ही इथे असमर्थता नसून अविश्वास आहे. आणि कुलकर्णीचे शिक्षण हेच की, आपल्या सदिच्छेवर कोणी विश्वास का ठेवावा, हे त्याला हळूहळू कळत जाते. या चित्रपटाचा नायक भिकू असला तरी त्याचा रोख कुलकर्णीवर आहे. मास्तर, शाळामास्तर, डॉ. राव, दिगू, सुलभा, कुलकर्णी ही शिकलेली, भली, बोलकी माणसे तेंडुलकर एकामागून एक अन्यायासमोर उभी करतात आणि त्यांच्या बोलण्याची किंमत तपासतात. ‘बलुतं’ने जे आतून सांगितले ते तेंडुलकरांना सांगता येणार नव्हते. आपल्या वर्गाचे बोलणे किती पोकळ आहे, हे मात्र ते सांगू शकत होते, आणि तेवढे त्यांनी सांगितले.

‘अर्धसत्य’नंतर

‘आक्रोश’साठी तेंडुलकरांना कथा आणि पटकथा या दोन्हींचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘अर्धसत्य’ (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारित. इथे प्रश्न विचारणारा आणि दंडुका चालवणारा एकच माणूस आहे, सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर. बापाच्या धाकाने पोलिसात आलेला, बापाची हिंसा आपल्यात उतरते आहे हे पाहून हादरलेला, रामा शेट्टीसमोर कायद्याचे हात बांधलेले पाहणारा. त्याचे आतले बोलणे व्यक्त करण्यासाठी चित्रपट दिलीप चित्रे यांच्या कवितेचा आधार घेतो, म्हणजे पुन्हा पात्राला स्वतःचे शब्द पुरत नाहीत. शेवटी वेलणकर शेट्टीला मारतो आणि स्वतःहून ठाण्यात हजर होतो. तिकीटबारीवरही यश मिळवणारा हा चित्रपट हिंदीतल्या पुढच्या पोलीसपटांचा पूर्वज ठरला. पण त्या वंशजांनी बहुधा गोळी तेवढी घेतली आणि हजर होणे सोडून दिले.

याच सुमारास दूरदर्शनचा विस्तार झाला, आणि समांतर चित्रपटाच्या प्रेक्षकाचा मोठा भाग घरी बसू लागला. मुलगी प्रिया तेंडुलकर १९८५ मध्ये बासू चटर्जी यांच्या ‘रजनी’तून घराघरांत पोहोचली. रजनी तेंडुलकरांनी लिहिलेली नव्हती. पण त्यांच्या मास्तर-कुलकर्णींच्या मालिकेशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. तीही प्रश्नच विचारते, आणि भाग संपेपर्यंत तिला उत्तर मिळते. गॅसवाला, टॅक्सीवाला, कचेरीतला कारकून शेवटी वरमतो. तेंडुलकरांच्या प्रश्नकर्त्यांना हे सुख कधी मिळाले नाही. त्यांनी स्वतः ‘स्वयंसिद्धा’ ही मालिका लिहिली आणि तिच्यात प्रियाने मुख्य भूमिका केली. केतन मेहतांच्या ‘सरदार’ची (१९९३) पटकथाही त्यांची. पण १९७५ ते १९८३ या नऊ वर्षांत जी घनता होती ती पुन्हा आली नाही. ती ज्या वातावरणात शक्य झाली होती ते वातावरण, म्हणजे रंगभूमीवरून आलेले दिग्दर्शक-नट, छोट्या भांडवलाचे चित्रपट आणि चर्चा करणारा प्रेक्षक, तेच विखुरले होते. १९ मे २००८ रोजी पुण्यात तेंडुलकरांचे निधन झाले, तेव्हाही त्यांची बहुतेक ओळख ‘नाटककार’ म्हणूनच करून दिली गेली.

या ओळखीत चूक काही नाही, अपुरेपणा आहे. त्यांची नाटके वाचताना आपण हिंसक माणसाचे बोलणे ऐकायला शिकतो. त्यांच्या पटकथा आपल्याला आपले स्वतःचे बोलणे तपासायला लावतात, आणि वर्गात बोलणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्या आपल्यासारख्यांना ते सोयीचे नसते. कदाचित म्हणूनही त्या अभ्यासक्रमाच्या बाहेर राहिल्या असतील.

आता मी दोन्ही न्यायालये एकत्रच शिकवतो. आधी बेणारेचे स्वगत मोठ्याने वाचून घेतो आणि मग भिकू-कुलकर्णी यांच्या तुरुंगातल्या भेटीचे दृश्य दाखवतो. नंतर विद्यार्थ्यांना कुलकर्णीच्या जागी बसून एक पानभर लिहायला सांगतो : तुम्ही भिकूला काय विचाराल? बहुतेक जण भराभर प्रश्न लिहितात. गेल्या वेळी एका मुलाने कोरे पान दिले. तो आदिवासी पाड्यावरून येतो हे मला नंतर कळले. पान कोरे का, असे मी त्याला विचारणार होतो. पण विचारले नाही. त्याच्या शेजारी बसलो, आणि त्याला काही सांगावेसे वाटेपर्यंत थांबलो.